सूज नसलेला चेहरा

१

सोनिका डोंगरेचा फोटो पाहून डॉ. दीपमाला मून आधी हसल्या. छान झालं, म्हणाल्या. मग मोबाईल परत द्यायला त्यांनी हात पुढे केला आणि तो हात मध्येच थांबला.

समोर सोनिकाची आई बसली होती, मीराबाई डोंगरे. अंगणवाडीत उभं आयुष्य गेलेली बाई. कन्हानहून सकाळच्या बसने त्या नागपुरात सदरमधल्या या दवाखान्यात आल्या होत्या. आल्या आल्या ‘जय भीम’ केला, पाणी मागितलं, आणि ते न पिताच पेला हातात धरून बसल्या.

“मले एवढंच विचारायचं होतं, डॉक्टरबाई,” त्या म्हणाल्या. “जबड्याचं ऑपरेशन झाल्यावर माणसाले किती दिवस बोलता येत नाही?”

“बोलता येतं हो. थोडे दिवस तोंड रबरांनी बांधलेलं असतं, अडखळत बोलतात. पण बोलतात. का?”

“संक्रांत झाली अन् पोरगी हैदराबादले गेली. आता होळी आली. तिचा आवाज नाही आइकला मी. निरा मेसेज येतात. जबडा बांधला आहे म्हणते, डॉक्टरनं बोलाले मनाई केली म्हणते. मी येऊन जातो म्हटलं, तं नको म्हणते. सुजलेलं तोंड कोणालेच दाखवायचं नाही म्हणते.” मीराबाईंनी मोबाईलकडे बोट केलं. “अन् काल हा फोटू धाडला. सारा मोहल्ला पाहून गेला. सुंदर दिसून राहिली, नाही? पण माह्या मनाले काही गोड नाही लागून राहिलं. काहून, ते नाही समजत.”

दीपमालाबाईंना सोनिका आठवत होती. हिवाळ्यात एकदाच येऊन गेली होती. चोवीस-पंचवीसची, स्पष्ट बोलणारी, एका ट्रॅव्हल ऑफिसात तिकिटं काढायचं काम करणारी. खालचा जबडा पुढे, वरचा आत दबलेला. सीताबर्डीच्या डॉ. दुर्गेश पालीवालांनी दातांना तारा लावल्या होत्या आणि खालचा जबडा मागे घ्यायचं ऑपरेशन सुचवलं होतं. तिला दुसऱ्या डॉक्टरचं मत हवं होतं. दीपमालाबाईंनी तपासून सांगितलं होतं, “नुसता खालचा मागे घेऊन भागणार नाही, वरचाही पुढे आणावा लागेल. दोन्ही जबडे.” तोंडीच सांगितलं होतं. “विचार करून सांगते,” म्हणून ती गेली, ती परत आलीच नाही.

त्यांनी फोटो पुन्हा पाहिला. हनुवटी मागे गेलेली. नाकाच्या दोन्ही बाजूंचा खळगा भरलेला, वरचा ओठ पुढे. दोन्ही जबडे हलवल्याशिवाय असा चेहरा होत नाही. पण गाल कोरडे, चापून बसलेले. दोन महिन्यांत एवढी सूज उतरत नाही. वर्षभर ती थोडी थोडी ओसरत असते. हनुवटी मागे गेली की तिच्याखालचं मांस गोळा होतं, गळा भरल्यासारखा दिसतो. इथे गळा ताठ. आणि नाक? दीपमालाबाईंनी बोटांनी फोटो मोठा केला.

नाक जुनंच होतं.

“मेसेज दाखवता?”

मीराबाईंनी दाखवले. एका मेसेजवर दीपमालाबाईंची नजर खिळली. ‘आई, गालावरचे टाके खूप ओढतात.’

या ऑपरेशनचे टाके तोंडाच्या आत असतात. ओठ उचलून आतून चीर घेतात, म्हणजे चेहऱ्यावर व्रण राहत नाही. हे ऑपरेशन झालेल्या कोणालाही ठाऊक असतं.

“मीराताई,” त्या हळूच म्हणाल्या, “आज कन्हानला परत जाऊ नका.”

२

इन्स्पेक्टर जयवंता उईके दीपमालाबाईंना चांगली ओळखत होत्या. अपघातात ओळख पटेनाशा झालेल्या कितीतरी चेहऱ्यांना या बाईंनी नाव मिळवून दिलं होतं. तरी जयवंताबाईंनी मान हलवली.

“मॅडम, सज्ञान पोरगी आहे. स्वतः मेसेज करून राहिली, फोटो पाठवून राहिली. बेपत्ता म्हणून तक्रार कशाच्या जोरावर घेऊ?”

“या फोटोच्या जोरावर.” दीपमालाबाईंनी मोबाईल टेबलावर ठेवला. “हाड सरकवलं की वरचं मांस त्याच्यामागे जातं. पण सगळं सारखं जात नाही. हनुवटीची कातडी जवळजवळ हाडाइतकीच मागे जाते. खालचा ओठ थोडा कमी. वरचा ओठ तर हाडाबरोबर पूर्ण येतच नाही, मागे रेंगाळतो, जरा पातळ होतो. आणि वरचा जबडा पुढे आला की नाकपुड्या पसरतात, शेंडा किंचित वर उचलला जातो. इथे बघ. दोन्ही ओठ, हनुवटी, सगळं हाडाच्या मापाने तंतोतंत सरकलंय. नाक जागचं हललेलं नाही. जयवंता, जिवंत मांस इतकं आज्ञाधारक नसतं.”

“म्हणजे बनवलेला फोटो.”

“ऑपरेशनच्या आधी पेशंटला दाखवायला असा बनवतात. जुन्या फोटोवर कॉम्प्युटरने. प्रीव्ह्यू म्हणतात त्याला. तुझा चेहरा नंतर साधारण असा दिसेल, म्हणून.”

“पण ऑपरेशन झालेली पोरगी प्रीव्ह्यू कशाला पाठवेल? खराच फोटो नाही पाठवणार?”

जयवंताबाईंनी हातातला चहा खाली ठेवला आणि फोन उचलला.

दुपारी माहिती आली. सोनिकाचा मोबाईल हैदराबादला कधी पोचलाच नव्हता. दिवसातून थोडा वेळ चालू व्हायचा आणि बंद व्हायचा. दरवेळी सीताबर्डीत, व्हरायटी चौकाच्या आसपास.

बाहेर बाकावर मीराबाई मोबाईलवर डोळे बारीक करून काहीतरी लिहीत होत्या.

“कोणाला लिहिताय?” दीपमालाबाईंनी विचारलं.

“सोनिकाले. तिले सांगितलं, डॉक्टर मून बाईंले फोटू दाखवला म्हणून. तिले आनंद होईन.”

दीपमालाबाई जागीच उभ्या राहिल्या. पर्समधला त्यांचा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर. मीराबाईंनी ओझरतं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “हा तं सोनिकाचाच नंबर!”

मेसेज एवढाच होता: ‘नमस्कार मॅडम. कसा वाटला माझा नवा चेहरा?’

३

सोनिका धंतोलीत एका खोलीत राहायची, हिमानी शेंडे नावाच्या मैत्रिणीबरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळी दीपमालाबाई आणि जयवंताबाई तिथे गेल्या. जयवंताबाई साध्या कपड्यांत होत्या. मोबाईलच्या ठिकाणाबद्दल त्या कोणाकडेच काही बोलणार नव्हत्या.

हिमानी कामावर जायच्या तयारीत होती. नीटनेटकी मुलगी, आवाज मऊ. खोलीत दोन पलंग होते. सोनिकाच्या पलंगावर चादर ताणून घातलेली, उशीवर एकही सुरकुती नाही.

“रोज झटकून ठेवते मी,” हिमानी म्हणाली. “ती आल्यावर म्हणायला नको, माझा पलंग धुळीत पडला म्हणून.”

“तू सोडलंस तिला स्टेशनवर?” जयवंताबाईंनी विचारलं.

“हो. रजतपण होता न. तिचा होणारा नवरा. गाडी हलेपर्यंत खिडकीजवळ उभा होता.” ती थोडी थांबली. “बिचारी. दोन्ही जबडे एकदम कापायचे म्हणजे काय कमी झालं का! मले तर ऐकूनच कसंतरी झालं होतं.”

“तुझ्याशी बोलते फोनवर?”

“नाही, बोलता कुठं येते तिले. मेसेजच.”

“आणि तू काय करतेस?” दीपमालाबाईंनी विचारलं.

हिमानीच्या आवाजात पहिल्यांदाच जरा धार आली. “डॉक्टर पालीवालांकडे आहे. पेशंटचे फोटो काढते, कॉम्प्युटरवर चेहरे तयार करते. नागपुरात माझ्यासारखे प्रीव्ह्यू कोणी करत नाही, सर सगळ्यांना सांगतात. आता मुंबईच्या एका मोठ्या सेंटरनं बोलावलं आहे मले.”

रजत बोरकरचं मोबाईलचं दुकान सीताबर्डीतच होतं. पोलीस म्हटल्यावर त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि दोघींना आत बसवलं. त्याने दाढी केलेली नव्हती, डोळे तांबरलेले.

“कोणता जबडा करायचा होता तिचा?” दीपमालाबाईंनी विचारलं.

“खालचा. डॉक्टरनं प्रीव्ह्यू दिला होता न, माझ्या मोबाईलमध्ये पण आहे. खालचा मागे घेणार होते.” त्याने दाखवला. हा वेगळा फोटो होता. यात फक्त हनुवटी मागे गेलेली, वरचा ओठ आधीसारखाच दबलेला.

“स्टेशनवर तू होतास?”

रजतने दोन्ही हात तोंडावरून फिरवले. “नाही मॅडम. सच सांगतो. मी गेलोच नाही. आमचा झगडा झाला होता. घरचे म्हणत होते, लग्नाच्या फोटोत जबडा दिसते. मी पण तेच बोललो तिले. माझ्या तोंडून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला, हैदराबादची तारीख मिळाली, आज निघते. मी रागातच होतो. मग तिची आई विचारू लागली, तवा कोणत्या तोंडानं सांगू का मी सोडायले पण नाही गेलो? म्हणून गेलो होतो म्हटलं.”

बाहेर आल्यावर जयवंताबाई म्हणाल्या, “आईला एक सांगतो, मला दुसरं. भांडण झालं होतं हे स्वतःच कबूल करतो. आणि फोन याच गल्लीत चालू होतो. मॅडम, मला तर हाच दिसून राहिला.”

“त्याचं दुकान इथे आहे, आणि पालीवालांचा दवाखाना समोरच्या जिन्याने वर,” दीपमालाबाई म्हणाल्या. “चल. मीराताई गाडीत बसल्यात, त्यांनाही बोलावून घे. त्यांना खालीच एकटं बसवायला मला बरं वाटत नाही.”

४

पालीवालांच्या दवाखान्यात थंड हवा आणि लवंगेच्या तेलाचा वास होता. वाट पाहायच्या खोलीची एक पूर्ण भिंत चेहऱ्यांनी भरलेली होती. प्रत्येक माणसाचे दोन फोटो, एक आधीचा, एक नंतरचा. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आमचे हसरे पेशंट’.

भिंतीसमोर एक तरुण मुलगी वडिलांबरोबर बसली होती. ती एका फोटोकडे बोट दाखवून म्हणत होती, “बाबा, अशी हनुवटी पाहिजे मले.”

दीपमालाबाई भिंतीजवळ गेल्या. पहिला चेहरा पाहिला. दुसरा पाहिला. मग चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. जबडे पुढे आले होते, मागे गेले होते, गाल भरले होते, पण एकाही नाकपुडीने जागा सोडली नव्हती. एकाही गळ्याखाली वळी नव्हती. इतके चेहरे, आणि कुणालाच कधी सूज आलेली नव्हती.

हे सगळे लोक आहेत तरी कुठे?

मागून मीराबाईंचा आवाज आला. “वं माय! हे तं आपली कुसुमताई!”

“कोण?”

“आमच्या मोहल्ल्यातली. कुसुमताई गजभिये. बाजारात बांगड्यांचं दुकान आहे तिचं. तारा लावल्या होत्या तिनं दातांले, मग कंटाळून काढून टाकल्या.” मीराबाई नंतरच्या फोटोकडे बघत राहिल्या. त्यातल्या कुसुमताईचा जबडा सुबक, मागे बसलेला होता. “पण हिचं तं ऑपरेशनच नाही झालं, डॉक्टरबाई. परवाच मी तिच्याकडून बांगड्या भरल्या. तिचा जबडा जसा होता तसाच आहे.”

दीपमालाबाईंनी विचारलं, “सोनिका ओळखत होती कुसुमताईला?”

“म्हणजे काय! तिच्याच मांडीवर खेळली ते.”

५

डॉ. दुर्गेश पालीवाल उंच, रुबाबदार गृहस्थ. त्यांनी दीपमालाबाईंसाठी खुर्ची ओढली. सोनिकाचं नाव निघताच कपाळावर आठी पडली.

“खालच्या जबड्याची केस. माझ्याकडचा प्रीव्ह्यूही तेवढाच आहे. तुमचं मत घ्यायला गेली आणि मग इकडे फिरकलीच नाही. मी समजलो, तुम्हीच ऑपरेशन केलं असेल.”

“मी वरचाही जबडा पुढे आणायला सांगितलं होतं. ते तिने तुम्हाला सांगितलं?”

“आलीच नाही म्हणतोय ना मी. आत्ता तुमच्याकडून कळतंय.”

दीपमालाबाईंनी फोटो पुढे केला. पालीवालांनी तो पाहिला आणि क्षणात म्हणाले, “हा आमच्या प्रोग्रॅमवर केलाय.” मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्यांनी मोबाईल परत सरकवला.

“बाहेरची भिंतही त्याच प्रोग्रॅमवर केलीय,” दीपमालाबाई म्हणाल्या. “इतक्या जणांत एकाचंही नाक रुंद झालं नाही?”

“नाकाला आतून टाका घालून बांधतात, तुम्हाला माहीत आहे.”

“मी स्वतः घालते तो टाका. तरी नाक थोडं हलतंच. तुमचा प्रबंध कशावर होता, डॉक्टर?”

पालीवाल खिडकीबाहेर पाहू लागले. तसेच पाहत म्हणाले, “वरच्या जबड्याच्या ऑपरेशननंतर होणारा नाकातला बदल.” आवाज खाली गेला होता. “भिंत हिमानीने सजवली. पेशंट वाढले. मी… नीट पाहिलं नाही.”

“पाहायचं नव्हतं तुम्हाला.”

त्यांनी सोनिकाचा तारा लावण्याआधीचा मूळ फोटो कॉम्प्युटरवर उघडून दिला. दीपमालाबाईंनी आईला आलेला फोटो त्यावर ठेवला. डोळे डोळ्यांवर बसले. कानावर आलेली बट बटेवर. एक कर्णफूल किंचित उलटं फिरलं होतं, ते दोन्हीकडे तसंच. फक्त जबडे तेवढे वेगळे होते.

जिन्यात येताच जयवंताबाईंनी हात झटकले. “घेऊन जाते मी याला. प्रोग्रॅम याचा, भिंत याची. सोनिकानं कुसुमताईचा फोटो पाहिला असेल, बोभाटा करीन म्हणाली असेल.”

“कारण तू बरोबर ओळखलंस,” दीपमालाबाई म्हणाल्या. “माणूस चुकलीस. ज्याने नाकावर प्रबंध लिहिला, तो खोटा चेहरा बनवताना नाक विसरेल? पालीवालांनी हा फोटो केला असता तर नाकपुड्या बरोबर पसरल्या असत्या, गालावर थोडी सूजही ठेवली असती, आणि मी फसले असते. गालावरच्या टाक्यांचा मेसेजही त्यांच्या हातून गेला नसता. ज्याने हे केलं, त्याला प्रोग्रॅम येतो. मांस कळत नाही.”

“रजत?”

“त्याच्याकडे खालच्या जबड्याचाच प्रीव्ह्यू आहे. तो तर आजही ‘खालचा’च म्हणतो. आईही तेच समजून आहे. दोन्ही जबड्यांचं मी फक्त सोनिकाला सांगितलं होतं, तोंडी. म्हणजे हा चेहरा बनवणाऱ्याला ते सोनिकानेच सांगितलं. आज सकाळी पोलीस दारात असताना कोण म्हणालं, दोन्ही जबडे एकदम कापायचे म्हणजे काय कमी झालं का?”

जयवंताबाई जिन्याच्या कठड्याला टेकल्या. “आणि तीच म्हणाली, रजत गाडी हलेपर्यंत खिडकीजवळ होता.”

“रजतने आईला मारलेली थाप तिने आईकडून ऐकली आणि स्वतःच्या हकिगतीत घालून टाकली. थाप खरी आहे असं वाटलं तिला. ती स्वतः स्टेशनवर गेली असती, तर तो तिथे नव्हता हे तिला माहीत असतं.”

वरच्या दारातून कोणीतरी डोकावलं आणि दार हलकेच लागलं.

६

त्या पुन्हा वर गेल्या, तेव्हा हिमानी आपल्या कॉम्प्युटरसमोर बसलेली होती. शांत. समोर पांढरी छत्री लावलेला दिवा, कॅमेरा, पेशंटला बसायचं स्टूल. जयवंताबाई दाराशी थांबल्या. दीपमालाबाई स्टुलावर बसल्या.

“माझा करून दाखवतेस? वरचा जबडा थोडा पुढे.”

“तुम्हाला काय गरज आहे, मॅडम?”

“बघायचंय. तू फार छान करतेस म्हणे.”

हिमानीने एकदा दाराकडे पाहिलं. मग फोटो काढला. तिची बोटं सवयीने चालू लागली. पडद्यावर दीपमालाबाईंचा वरचा ओठ पुढे आला, खळगे भरले. वयाने दहा वर्षं कमी झाल्यासारखा चेहरा. ती नकळत मागे रेलून आपलं काम पाहू लागली.

“सुंदर,” दीपमालाबाई म्हणाल्या. “पण माझं नाक तसंच ठेवलंस.”

“नाकाचं काय? ऑपरेशन तर जबड्याचं आहे.”

“नाक जबड्यावरच उभं असतं, हिमानी. जबडा पुढे आला की ते पसरतं. तुला हे कोणी शिकवलंच नाही. भिंतीवरच्या एकाही चेहऱ्यात तू ते केलं नाहीस. सोनिकाच्या चेहऱ्यातही नाही.”

हिमानीचा हात माउसवरच राहिला.

“दोन्ही जबड्यांचं तुला कधी सांगितलं तिने?” दीपमालाबाईंनी विचारलं. “कुसुमताईचा फोटो पाहायच्या आधी की नंतर?”

हिमानी पडद्याकडे बघतच बोलायला लागली, जणू समोर कोणी नव्हतं.

“संध्याकाळी मले घ्यायले आली होती इथं. भिंत पाहून हसली आधी. मग नाही हसली. म्हणाली, बाहेर बसलेली पोरगी हे फोटो पाहून जबडा कापून घ्यायले निघाली आहे, तुले काही वाटत नाही का? मी म्हटलं, काढते, थोडे दिवस दे. मुंबईचं पक्कं होऊ दे. ती नाहीच म्हणे. सोमवारी सरांना सांगते, पेशंटांना पण सांगते.”

“मग?” जयवंताबाई दारातून म्हणाल्या.

“रविवारी ती आईकडे जाणार होती, तिळगूळ घेऊन. मी म्हटलं, माझ्या स्कूटीवर सोडते. रस्त्यात खदानीजवळ थांबलो. पुन्हा समजावलं तिले. पाया पण पडली मी. ती म्हणाली, तू चेहरे नाही बनवून राहिली, माणसं फसवून राहिली.” तिचा मऊ आवाज तसाच होता. “ढकललं मी. एकदाच.”

जयवंताबाई दारातून आत आल्या.

“तिची पर्स स्कूटीच्या डिक्कीत राहिली होती. खोलीवर आली तर तिच्या फोनवर आईचा मेसेज. ‘निघाली का वं?’ तिचा फोन मी नेहमी उघडायची, लॉकचा नंबर माहीत होता. मी लिहून टाकलं, येणं रद्द झालं. मग दुसरा आला, बरी आहे का? त्याले पण उत्तर दिलं.” तिने पहिल्यांदा मान वळवली. “मग थांबताच येईना मॅडम. आई रोज विचारायची, जेवली का.”

मोबाईल तिच्याच टेबलाच्या खणात, कॅमेऱ्याच्या पिशवीखाली सापडला.

७

कन्हानच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत, दगडाची जुनी बंद खदान आहे. खोल, हिरवट पाण्याने भरलेली. होळीच्या आदल्या दिवशी उन्हात तिथे माणसं जमली. रजत दूर एका बाभळीखाली उभा होता, जवळ यायचं धैर्य त्याला होत नव्हतं. पालीवालांनी त्या सकाळी भिंत उतरवली होती. त्यांच्यावरही गुन्हा दाखल होणार होता आणि त्यांनी वकील न आणता जबाब दिला होता.

पाणबुड्यांनी वर आणलं, तेव्हा मीराबाईंना बाजूला न्यायचा प्रयत्न जयवंताबाईंनी केला. त्या हलल्या नाहीत. एका दगडावर बसून राहिल्या, पाठ ताठ.

ताडपत्रीमागे दीपमालाबाईंनी गुडघे टेकले. पाण्याने चेहरा ठेवला नव्हता. पण दातांवरच्या तारा तशाच होत्या, आणि जबडा अखंड होता. कुठे चीर नाही, धातूची पट्टी नाही, स्क्रू नाही. खालचा जबडा पुढे, वरचा आत. त्यांनी हातमोजे काढले. मग उठून बाहेर आल्या.

मीराबाईंनी वर पाहिलं. त्यांनी काही विचारायच्या आधीच दीपमालाबाईंनी मान हलवली.

“सोनिकाच आहे?”

“हो.”

“ऑपरेशन झालंच नव्हतं?”

“नाही, मीराताई.”

“कुठंच कापलं नाही तिले? तोंडात, गालावर?”

“कुठंच नाही.”

मीराबाई पाण्याकडे बघत राहिल्या. “दोन महिने घास तोंडात घातला का मनात येत होतं, पोरगी तिकडं पातळ पेज पिऊन राहिली असन. तिचा जबडा ठणकत असन. रात्री उठून बसायचो मी. माह्याच जबड्यात कळ यायची.” त्यांनी दीपमालाबाईंचा हात धरला. “नाही न दुखलं तिचं तोंड?”

“नाही,” दीपमालाबाई म्हणाल्या. “तोंड नाही दुखलं.”

तेव्हा मीराबाईंची ताठ पाठ वाकली. दीपमालाबाई त्यांच्या शेजारी दगडावर बसल्या. ऊन चढत होतं. रजत बाभळीखालून निघून हळूहळू त्यांच्याकडे चालत येऊ लागला.